अद्भुतक्रीडेतील कालनिवड : 'आर्स मॅजिका' आणि इ. स. १२२०

भूमिकाक्रीडा हा आधुनिक खेळांचा एक निराळा प्रकार होय. चारसहा जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका घेऊन तिच्या वतीने बोलतो. सूत्रधार भोवतालचे जग उभे करतो. संशयाच्या प्रसंगी निर्णय फाशांवर सोपविला जातो. इ. स. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून या प्रकारास निश्चित रूप आले. अशा खेळाचे दीर्घ कथानक कोणत्या ऐतिहासिक काळात घडवावे, हा प्रश्न वरवर केवळ हौसेचा वाटतो. वस्तुतः काळ निवडणे म्हणजे त्या जगात काय संभवनीय आहे हे ठरविणे होय.

या दृष्टीने 'आर्स मॅजिका' हा खेळ उद्बोधक आहे. जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांनी रचलेला हा खेळ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रमुख पात्रे विद्वान मांत्रिक असून स्थळ तेराव्या शतकातील युरोप आहे. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत कथारंभाचे वर्ष १२२० असे धरले आहे.

हा काळ या विषयास का मानवतो, याचे पहिले उत्तर भाषेत सापडते. ऑक्सफर्डपासून बोलोन्यापर्यंत विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती; ती कोणाचीच मातृभाषा नव्हती. खेळातील मंत्रविद्या याच भाषेच्या व्याकरणावर उभारली आहे. पाच क्रियापदे प्रथमपुरुषी एकवचनी, तर दहा नामे द्वितीया विभक्तीत आहेत. त्यांच्या संयोगाने पन्नास मंत्रवर्ग सिद्ध होतात. 'क्रेओ इग्नेम' म्हणजे 'मी अग्नी निर्माण करतो'. संस्कृतज्ञास येथे 'सृजामि अग्निम्' आठवेल, आणि 'इग्नेम' व 'अग्निम्' ही रूपे सगोत्रच आहेत. ज्या काळी विद्या आणि लॅटिन यांचे असे अद्वैत नव्हते, त्या काळी ही रचना कृत्रिम भासली असती.

दुसरे कारण असे की, विद्वान आणि मांत्रिक यांतील सीमारेषा लोकमानसात तेव्हा अस्पष्ट होती. १२१७ मध्ये टोलेडो येथे अल्-बित्रूजीच्या अरबी ज्योतिषग्रंथाचे लॅटिन भाषांतर करणारा मायकेल स्कॉट पुढे मांत्रिक म्हणूनच प्रसिद्धी पावला. दांतेनेही त्यास नरकात जादूगारांच्या पंक्तीस बसविले.

तिसरे कारण राजकीय होय. १२२० मध्ये अनेक प्रश्न अनिर्णीत होते. दमिएत्ता १२१९ मध्ये क्रूसेडरांच्या हाती आले होते. ते १२२१ मध्ये जावयाचे होते. दक्षिण फ्रान्समधील कॅथारांविरुद्धचे युद्ध १२२९ पर्यंत चालावयाचे होते. मंगोलांचे १२४१ चे पोलंड-हंगेरीवरील आक्रमण अद्याप दूर होते. कथेस असे अनिर्णीत वर्ष हवे असते.

तथापि येथे एक आक्षेप संभवतो. मंत्रबळ खरे असेल, तर ज्ञात इतिहास जसाच्या तसा कसा राहिला? यास्तव मांत्रिकांच्या संप्रदायास एक संहिता दिली असून तिने लौकिक कारभारातील ढवळाढवळ निषिद्ध ठरविली आहे. हा निर्बंध इतिहासाचे रक्षण करतो, आणि तो मोडण्याचा मोह कथानकास गती देतो.

खरी अडचण अन्यत्र आहे. त्या काळातील लोक जे मानीत ते या जगात सत्य समजावे, असे या खेळाचे सामान्य तत्त्व आहे. देवदूत, पिशाच्चे व वनदेवता यांच्यापुरते ते निर्वेध चालते. परंतु ११४४ मधील नॉर्विच येथील एका बालकाच्या मृत्यूवरून ज्यू लोकांवर नरबलीचा आरोप रचला गेला, आणि तोही पुष्कळांनी खरा मानला. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यू व मुसलमान यांनी वेषाने वेगळे ओळखू यावे असा दंडक घातला. तत्त्व सरसकट लावल्यास खेळ या आरोपांनाच पुरावा पुरवील. म्हणून सृष्टीविषयीची श्रद्धा आणि जिवंत माणसांविषयीचे कुभांड यांत भेद करणे अवश्य आहे. पहिली जगाचा नियम म्हणून स्वीकारता येते. दुसरे त्या जगातील लोकांचा अपराध म्हणूनच दाखविले पाहिजे.

सारांश, कालनिवडीच्या कसोट्या तीन ठरतात : कल्पिताचे मूळ त्या काळाच्या भाषेत व विद्येत रुजते काय, घटनांचा शेवट पात्रांस मोकळा आहे काय, आणि त्या काळाचे कोणते समज स्वीकारावयाचे व कोणते नाकारावयाचे, याचा निर्णय खेळ आरंभण्यापूर्वी झाला आहे काय. यांपैकी तिसरीकडे दुर्लक्ष झाल्यास पहिल्या दोहोंची सिद्धी व्यर्थ होय.