गोल्फ कोर्सशेजारी घर घेताना अमेरिकेत काय पाहतात?

गोल्फ, पोहण्याचा तलाव, क्लबहाउस. जाहिरातीत अमेरिकेतल्या या सगळ्या वसाहती सारख्याच वाटतात. नियम मात्र फार वेगळे असतात.

फ्लोरिडातल्या 'द व्हिलेजेस'चंच बघा. ही मुख्यतः ५५ वर्षांपुढच्यांची वसाहत. छोट्या, नऊ होलच्या कोर्सवर रहिवाशांना दर खेळाचे पैसे पडत नाहीत. तो खर्च मासिक सुविधा शुल्कातून निघतो. पण १९ वर्षांखालच्या मुलांना तिथे कायम राहता येत नाही. नातवंडं आली तर पाहुणी म्हणून, वर्षाला ३० दिवस! ॲरिझोनातलं 'सन सिटी' १९६० साली सुरू झालं, तेही ज्येष्ठांसाठीच.

मुलंबाळं असतील तर अटलांटाजवळचं पीचट्री सिटी बरं. तिथे गोल्फ कार्टसाठी सुमारे १६० किलोमीटरच्या वेगळ्या वाटा आहेत. हायस्कूलची मुलंही कार्टनेच शाळेत जातात. गोल्फची काठी हातात न धरणाराही तिथे मजेत राहतो.

खरी मेख सदस्यत्वात असते. 'बंडल्ड' वसाहतीत ते घरासोबतच येतं, म्हणजे खेळा वा न खेळा, वर्गणी भरायचीच. काही खासगी क्लबांत घरमालकाला सदस्य व्हावंच लागतं, प्रवेश शुल्क वेगळं. एखादं घर संशय यावा इतकं स्वस्त दिसतं, ते बरेचदा यामुळेच.

शिवाय २००६ पासून अमेरिकेत नव्याने उघडलेल्या कोर्सपेक्षा बंद पडलेले जास्त आहेत. म्हणून खिडकीतून दिसणारी हिरवळ कोणाच्या मालकीची आहे आणि तिथे उद्या इमारती उभ्या राहू शकतात का, हे करारात आधी वाचावं.