ताई, हा बिघडलाय!

पहिली-दुसरीच्या मुलांचा हा कोडिंगचा वर्ग, पण स्क्रीन कुठेच नाही. फरशीवर कार्डशीट जोडून पसरलेत आणि त्यांवर १५ सेंटिमीटरचे चौकोन आखलेत. एका चौकोनात घर, एकात शाळा, एकात वडापावची गाडी. घरात बसलाय बी-बॉट, मधमाशीच्या रूपातला पिवळा-काळा रोबोट. पाठीवर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण आणि मधोमध हिरवं ‘गो’. पुढचा बाण एकदा दाबला की तो १५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे नेमका एक चौकोन.

शाळा घराच्या उजव्या हाताला. एक मुलगा उजवा बाण दाबतो, मग ‘गो’. बी-बॉट जागच्या जागी ९० अंशांत वळतो आणि गप्प. “ताई, हा बिघडलाय!” ताई रोबोटला हात लावत नाहीत. मुलालाच शेजारच्या फरशीवर उभं करतात. “उजवीकडे वळ बरं.” तो वळतो. “पोचलास शाळेत?” “नाही, अजून चाललो कुठे!” एवढं बोलून तो स्वतःच पुढचा बाण दाबायला धावतो.

ही युक्ती जुनी आहे. १९६७ साली सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझिग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव आलं. कासवाचा रस्ता सुचेना, तर मुलाने स्वतः कासव होऊन चालून बघावं, हा पॅपर्ट यांचा आग्रह.

दुसऱ्या फेरीत नवा घोळ. या वेळी वळण आणि पाऊल दोन्ही दाबलं, पण ‘एक्स’ दाबून आधीची आज्ञा पुसलीच नाही. जुनं वळण अधिक नवं वळण, बी-बॉट पाठ फिरवून भलतीकडे निघाला. यंत्राला सांगितलेलं लक्षात राहतं, हे मुलांना इथे कळतं. मग ताई बाणांची कार्डं देतात: आधी ओळीने मांडा, मगच बटणं दाबा. आता रोबोट चुकला की बोट कार्डांवरून फिरतं आणि एका कार्डाशी अडतं, “हे नको होतं.” रोबोट समोरून येत असला की डावं-उजवं उलटतं. एक मुलगी त्यावर सरळ त्याच्या मागे जाऊन पालथी पडते आणि तिथून बाण ठरवते.

मोठ्या मुलांच्या टेबलावर काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी आहे. तिचा सेन्सर इन्फ्रारेड किरण सोडतो. पांढरा कागद ते परतवतो, काळी पट्टी बरेचसे शोषते. सकाळी नीट धावणारी गाडी दुपारी खिडकीजवळ पट्टी सोडते. मुलं आधी कोड तपासतात, मग वायरी. शेवटी कुणीतरी पडदा ओढतं आणि गाडी रुळावर येते, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं.

आईला अर्धवट सांगितलेलंही समजतं. रोबोट मात्र मनातलं ओळखत नाही आणि चुकल्यावर रागावतही नाही. म्हणून मुलं चूक लपवत नाहीत, तिच्याभोवती गोळा होतात. हे सगळं बिघडवायला मागे बसलेल्या एखाद्या बाबांचं बोट पुरतं, तेच चटकन योग्य बटण दाबतात. असा वर्ग निवडताना पालकांनी किटच्या किमतीआधी एवढं पाहावं: रोबोट चुकला की पहिला हात कुणाचा पुढे येतो.