थरातील वायू आणि हिशेबातील तूट

कोळशाच्या खाणीत वजनाला मोठा मान असतो. रोज किती टन कोळसा वर आला, याची नोंद काटेकोरपणे होते. त्याच कोळशात दडलेल्या मिथेन वायूचे माप मात्र इतके सरळ नाही. आणि या मापातील चुकीची किंमत भूगर्भात उतरणाऱ्या कामगाराला मोजावी लागते.

हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगीही स्फोटास पुरेशी होते. धनबाद जिल्ह्यातील भाटडीह खाणीत सप्टेंबर २००६ मध्ये झालेल्या स्फोटात ५० कामगार मृत्युमुखी पडले. हा धोका ओळखूनच आपल्या खाण-नियमांनी थरांच्या तीन श्रेणी ठरविल्या आहेत. काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे बाहेर पडणारा वायू १० घनमीटरांहून अधिक असेल, तर तो थर तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या श्रेणीत जातो. पण हे झाले खाणीच्या हवेत प्रत्यक्ष उतरलेल्या वायूचे माप. शेजारच्या थरांतूनही वायू झिरपत असल्यामुळे ते कोळशातील मूळ साठ्याहून पुष्कळ निराळे असू शकते. पुढे खणावयाच्या भागात काय वाढून ठेवले आहे, हे कळण्यासाठी मूळ साठाच मोजावा लागतो.

त्यासाठी थरात भोक पाडून कोळशाचा नमुना काढतात व तो हवाबंद डब्यात ठेवतात. डब्यात हळूहळू सुटणारा वायू मोजला जातो. उरलेला, कोळसा दळून मोजतात. प्रश्न उरतो तो तिसऱ्या हिश्शाचा. नमुना थरातून सुटून डब्यात बंद होईपर्यंत जो वायू उडून गेला, तो कोणालाच मोजता येत नाही. सुरुवातीच्या काही तासांतील वेगावरून मागे जात त्याचा अंदाज बांधावा लागतो. नमुना बंद करण्यास जितका उशीर, तितका अंतिम आकड्यात अंदाजाचा वाटा मोठा. त्यात डब्याची गळती, तापमानातील फरक आणि नमुन्यातील राखेचे प्रमाण यांची भर पडते. खोदकामाच्या तोंडालगतचा कोळसा तर आधीच बराचसा वायू गमावून बसलेला असतो. तेथील नमुना थराला निर्धोक ठरवून मोकळा होतो.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. थर वरच्या श्रेणीत गेला की वायुवीजनाचा आणि सुरक्षित यंत्रसामग्रीचा खर्च वाढतो. उलट, हाच मिथेन इंधन म्हणून विकावयाचा असेल, तर साठ्याचा आकडा मोठा दिसणे लाभाचे ठरते. राणीगंज क्षेत्रात २००७ पासून असा वायू विकला जात आहे. एकच आकडा दोन दिशांना ओढण्याचा मोह अशा रीतीने निर्माण होतो. मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही असे म्हणता येईल, की ज्याचा खर्च आकड्यावर अवलंबून आहे, त्याच्याच हाती तो आकडा सोपविणे शहाणपणाचे नव्हे.

उपाय फारसे अवघड नाहीत. प्रत्येक अहवालात मोजलेला वायू आणि अंदाजलेला वायू वेगवेगळा दाखवावा; संभाव्य चुकीची मर्यादा नमूद करावी; एकाच थरातील अनेक नमुने घेऊन त्यांची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून करवावी. शिवाय अंदाज दोलायमान असेल तेव्हा वायुवीजनाची आखणी कमाल आकडा धरूनच व्हावी. त्याने टनामागे काही रुपये वाढतील खरे. परंतु आज तो खर्च टाळला, तर त्याचा बोजा खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या जिवावर पडतो, आणि उत्पादनखर्चाच्या कोणत्याही तक्त्यात त्याची नोंद होत नाही.