मनोरंजन व्यवसायाचे डिजिटल स्थित्यंतर : दोन माहितीपटांच्या आधारे

प्रस्तावना :
चित्रपट व्यवसायातील बदलांची चर्चा बहुधा मुंबईपुरती मर्यादित राहते. लहान गावांतील कारागिरांवर या बदलांचा काय परिणाम झाला, हे समजण्यासाठी माहितीपट हे उपयुक्त साधन आहे. महाराष्ट्रातील अशा दोन माहितीपटांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१) मालेगाव :
फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांच्या शहरात घडतो. व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख व्हीसीआरवर काटछाट करीत संकलन शिकले. २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. पुढे सुपरमॅनच्या उड्डाणासाठी हिरव्या पडद्यासमोर चित्रण करून पार्श्वभूमी संगणकावर जोडली. नायक झालेले शफीक शेख यंत्रमाग कामगार होते. फिल्मचा खर्च ज्यांना परवडलाच नसता, त्यांच्या हाती व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे निर्मितीचे साधन आले. याच मंडळींवर पुढे 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' (२०२४) हा कथापट निघाला.

२) फिरत्या टॉकीज :
शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स'मध्ये (२०१६) जत्रांतून तंबू ठोकून चित्रपट दाखविणारे व्यावसायिक आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर दिसतात. कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. रिळे मिळेनाशी झाल्यावर तंबूवाल्यांना डिजिटल यंत्राकडे वळावे लागले. जुनी यंत्रे भंगारात गेली आणि कारागिराचे अनेक वर्षांचे कौशल्य निरुपयोगी ठरू लागले.

३) तुलना :
तंत्रज्ञान एकच असूनही परिणाम वेगळे का? मालेगावच्या मंडळींनी साधन स्वेच्छेने निवडले. जुन्या यंत्रांत त्यांची गुंतवणूक नव्हती. तंबूवाल्यांना मात्र निवडीला वाव नव्हता. रिळांच्या प्रती काढणे थांबल्याने बचत झाली ती वितरकाची. नव्या यंत्राचा भार पडला तो प्रदर्शकावर.

निष्कर्ष :
डिजिटल बदल म्हणजे केवळ प्रगती किंवा केवळ ऱ्हास असे मानणे योग्य नाही. वर्गात हे माहितीपट दाखविताना अध्यापकांनी तीन प्रश्न विचारावेत : साधन कोणाच्या हाती आले? खर्च कोणी उचलला? कोणते कौशल्य बाद झाले? इंदूरच्या भंवरकुआंसारख्या विद्यार्थीबहुल भागात हेच प्रश्न फोटो स्टुडिओ किंवा केबल व्यावसायिकांना विचारून विद्यार्थ्यांना लहान प्रकल्प करता येईल. कौशल्य असलेली माणसे हयात आहेत तोवरच अशी नोंद शक्य आहे.