एकाच पातेल्यातला रस्सा, पाच तोंडं

खंडाळा म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला बोरघाट आणि 'गुलाम' सिनेमातलं गाणं आठवतं. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा साताऱ्याचा. शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, थोडं पुढं खंडाळा, आणि खंडाळ्याच्या डोक्यावर खंबाटकीचा घाट. साताऱ्याकडून पुण्याला जाणारी गाडी बोगद्यातून सुर्रकन निघून जाते, पण पुण्याकडून आलेल्याला वर्षानुवर्षं घाट चढावाच लागत आला आहे. आणि उपाशीपोटी घाट चढायचा नाही, असा इकडं जणू नियमच आहे.

महिन्यातल्या एखाद्या बुधवारी आम्ही पाच जण घाटाच्या पायथ्याच्या एका ढाब्यावर जमतो. एसटीतून निवृत्त झालेले आबा, लोणंदच्या बाजारात कांद्याची अडत असलेले दाजी, शाळेतले गुरुजी, त्यांच्या घरच्या म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी. जेवण ठरलेलं: मटणाचं सुकं, रस्सा, भाकरी, कांदा, लिंबू. जेवणाइतकंच भांडणही ठरलेलं. पहिला घास पोटात जातो न जातो तोच आबा म्हणतात, "ह्यात तिखट घालायचं राहिलं का काय?" त्याच क्षणी गुरुजी लालबुंद होऊन पाण्याचा तांब्या शोधत असतात. दाजींच्या मते कांदा घाईत भाजलाय. वहिनी म्हणतात, "दगडफूल जास्त झालंय." मला मीठ कमी लागतं. पातेलं एक, वाढणारा एक, आणि मतं पाच.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं, यातलं कुणीतरी एक बरोबर आहे आणि बाकीचे चार उगाच बोलतायत. मग या विषयावर हाती लागेल ते वाचायला लागलो आणि थक्क झालो. पाचही जण खरं बोलत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिली गंमत तर पातेल्यातच आहे. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळं होतो ते कॅप्सायसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र छान विरघळतं. म्हणजे रश्श्यावर जी लाल तर्री तरंगते, जाळाचा मोठा वाटा तिच्यात असतो. वाढपी पळी वरवर फिरवतो की तळापर्यंत घालून ढवळतो, यावर कुणाच्या वाटीत काय पडणार ते ठरतं. गुरुजींची वाटी आधी भरली गेली असेल आणि आबांच्या वाट्याला खालचं पाणी आलं असेल, तर ते एकच पदार्थ खातच नव्हते. पाण्यानं तोंडाची आग विझत नाही, ती नुसती पसरते, याचं कारणही हेच. दूध किंवा ताक घेतलं तर त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून सोबत घेऊन जातं. गुरुजींना हे मी दर वेळी सांगतो आणि ते दर वेळी तांब्याच उचलतात.

दुसरी गोष्ट याहून अजब. तिखट ही चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू यांना जिभेवर आपापले ग्राहक आहेत. तिखटाला तसा नाही. त्वचेला आणि तोंडाला चटका बसला की जी नस ओरडते, तीच मिरचीनं ओरडते. त्या नसेवरचा नेमका दरवाजा अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला १९९७ साली सापडला. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता लागली की तो उघडतो, आणि कॅप्सायसिन लागलं तरी उघडतो. मेंदूला दोन्हीतला फरक कळत नाही. तो म्हणतो, तोंड भाजलं. आणि घाम सोडतो, नाक वाहवतो, डोळ्यांत पाणी आणतो. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत मिळालं. 'तोंडात जाळ झाला' हे आपलं बोलणं अलंकारिक नव्हे, शब्दशः खरं आहे.

हा दरवाजा वारंवार ठोठावला गेला की थोडा बधिर होतो. लहानपणापासून खर्डा-भाकरी खाल्लेल्या आबांना रस्सा सपक लागतो, यात त्यांची मिजास नाही, नसांची सवय आहे. आणि पोपट? पिंजऱ्यातला राघू हिरवी मिरची कचाकचा खातो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पक्ष्यांच्या अंगात हाच दरवाजा असतो, पण कॅप्सायसिनला तो दाद देत नाही. पोपट बहाद्दर वगैरे काही नसतो. त्याला ते तिखट लागतच नाही. मिरचीच्या झाडाच्या बाजूनं पाहिलं तर हिशोब चोख आहे. उंदीर-घुशींसारखे प्राणी बिया चावून संपवतात, पक्षी त्या न चावता गिळून दूरवर टाकतात. एकाला हाकलायचं आणि दुसऱ्याला जेवायला बोलवायचं, एवढ्यासाठी हा सगळा जाळ. माणूस मधेच घुसला आणि हाकलणाऱ्या तिखटासाठी गाडी थांबवून रांगेत उभा राहिला.

आपल्यासाठी तेही फार जुनं नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांमागोमाग सोळाव्या शतकात ती आपल्याकडं आली. त्याआधीच्या तिखटाची मदार मिरी, पिंपळी, सुंठ यांच्यावर होती. मिरची हे नावसुद्धा मिरीवरूनच पडलेलं. नव्या पाहुण्याला घरातल्याच कुणाचं तरी नाव द्यावं, तसं.

नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण यानं माझी एक अख्खी रात्र खाल्ली. आयुर्वेदात सहा रस आहेत: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यातला कटु म्हणजे मिरी-सुंठीचा, म्हणजे आपला तिखट. आणि तिक्त म्हणजे कडुनिंबाचा, म्हणजे आपला कडू. मराठीत मात्र कटूपासून 'कडू' आला आणि तो नेमका कडुनिंबाला जाऊन चिकटला. तिखटाला आपण तीक्ष्णाच्या कुळातला शब्द घेतला. वाटेत कुठंतरी शब्दांनी पाट बदलले. संस्कृत वाचणारा वैद्य आणि आपल्या वहिनी एका ताटावर बसल्या आणि दोघांनी 'कटु' म्हटलं, तर एकाच्या मनात मिरी असेल आणि दुसरीच्या कारलं.

आणि 'झणझणीत'? हा तर चवीचा शब्दच नाही. पायाला मुंग्या येतात तेव्हा पाय झणझणतो. भांडं आपटलं की झणकार उठतो. नाद आणि स्पर्श सांगणारा शब्द आपण मिरचीला लावला. तिखट जिभेवर कळत नाही, अंगावर येतं, हे नोबेलच्या आधी कितीतरी वर्षं आपल्या बोलीनं ओळखलं होतं, असं मला मनापासून वाटतं. भाषेचे जाणकार माझे कान पिळतील तर पिळोत.

आता मोजमापाकडं येऊ, कारण सगळ्यात मोठं नवल मला इथं वाटलं. मिरच्यांच्या तिखटाची मापं आपण हल्ली ऐकतो, अमुक मिरची इतके लाख स्कोव्हिल. मला वाटायचं, तापमापीसारखं काहीतरी यंत्र असणार. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं ही पद्धत काढली तेव्हा यंत्रबिंत्र काही नव्हतं. मिरचीचा अर्क काढायचा, साखरेच्या पाण्यात तो पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांना चाखायला द्यायचं. जेव्हा बहुतेकांना काहीच तिखट लागत नाही, तेव्हा किती पट पातळ केलं होतं तो आकडा म्हणजे त्या मिरचीचं माप. नेहमीच्या रीतीत चाखणारे किती? पाच. पाचातल्या तिघांनी 'नाही लागत' म्हटलं की झालं. हल्ली यंत्र कॅप्सायसिन मोजतं, पण आकडे अजून त्याच चाखणाऱ्यांच्या मापात सांगितले जातात. हे वाचल्यावर मी आमच्या टेबलाकडं जरा आदरानं बघायला लागलो.

दाजींच्या कांद्याचंही तसंच. कच्चा कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, आत वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. त्यासाठी कांद्यात एक खास विकर असतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं. कांदा भाजला की ते विकर मरतं आणि दुसरंच नाटक सुरू होतं. कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेनं एकमेकांत गुंततात, आणि त्यातून शेकडो नवे वास आणि तो तपकिरी रंग जन्माला येतो. फ्रान्सच्या लुई-कामीय मायार यांनी या क्रियेचं वर्णन केलं तेही १९१२ सालीच. एकाच वर्षी तिखट मोजायला मिळालं आणि खमंगपणाचं गुपित फुटलं! भाकरीचा पापुद्रा, भाजलेलं सुकं खोबरं, कांदा-लसूण मसाल्याचा काळपट रंग, सगळीकडं हीच कारागिरी. घाईत भाजलेला कांदा बाहेरून करपतो आणि आत कच्चट राहतो. दाजी तेवढंच म्हणत होते.

वहिनींचं दगडफूल तर फूल नाहीच. झाडांच्या सालीवर, दगडांवर वाढणारी ती एक दगडी शेवाळासारखी दिसणारी वस्ती आहे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. बुरशी घर देते, शैवाल उन्हातून अन्न करतं. नुसतं हुंगलं तर मातकट वाटतं, गरम तेलात पडलं की काळ्या मसाल्याला खोली येते. चिमूट जास्त झाली तर रश्श्याला लाकडासारखा वास मारतो, आणि वहिनींचं नाक तो लगेच पकडतं.

नाक म्हणालो ते मुद्दाम. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. घास चावताना वास घशाच्या मागच्या वाटेनं नाकात चढतो. नाक घट्ट दाबून दाण्याची चटणी खाऊन बघा. मीठ कळेल, जाळ कळेल, दाणे आणि लसूण गायब. कोरोनात ज्यांची 'चव गेली' त्यांच्यातल्या पुष्कळांचा खरं तर वास गेला होता.

आणि नाकं सारखी नसतात. कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते. वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी त्याचा थोडाफार संबंध २०१२ च्या अभ्यासात दिसला. जिभाही सारख्या नसतात. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक भुकटी हवेत उडाली. शेजारचा सहकारी 'कडू, कडू' म्हणून वैतागला, फॉक्सला काहीच लागेना. दोघं वाद घालत बसले आणि त्या वादातून कडू चवीच्या आनुवंशिकतेचं अख्खं दालन उघडलं. ढाब्यावर हे दर वेळी होतं, फक्त कुणी लिहून ठेवत नाही.

डोळेही फसवतात. ब्याडगी मिरची रंगानं भडक, पण तिखटाला बेताची. लवंगी बारकीशी, पण ब्रह्मांड दाखवते. लाल रंग वेगळ्या द्रव्याचा, जाळ वेगळ्याचा. फ्रान्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर ते लाल वाइनचेच शब्द वापरून तिचं वर्णन करू लागले. तर्री बघूनच घाम पुसणारे गुरुजी काही एकटे नाहीत.

मग इतक्या वेगळ्या तोंडांनी एकत्र जेवावं तरी कशाला? २०१४ साली अमेरिकेत एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी लोकांना चॉकलेट खायला दिलं. शेजारीही तेच चॉकलेट खातोय असं माहीत असलं की आवडतं चॉकलेट अधिक आवडलं, आणि मुद्दाम दिलेलं कडवट चॉकलेट अधिक नकोसं झालं. दोघांनी एकमेकांशी अवाक्षरही काढायचं नाही, अशी अट होती. न बोलता एवढं होतं, तर आमच्यासारखे तोंड बंद न ठेवणारे पाच जण एका पातेल्याभोवती बसल्यावर काय होत असेल?

गेल्या बुधवारी निघताना आबांनी घरी म्हातारीसाठी डबा भरून घेतला. मी वाढप्याला हळूच सांगितलं, तर्री काढून दे, ऐंशी पार केलेलं माणूस आहे. आम्ही टपरीवर पान लावून घेत होतो, घाटात ट्रक गुरगुरत चढत होते. तासाभरानं आबांचा फोन आला. आईनं बोट बुडवून चाखलं होतं आणि विचारलं होतं, "मटणात गूळ कुणी घातला रे?"