लाल दिवा विझला म्हणजे काय झाले?

कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधल्या स्टेशनावर लोकल धरणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी जुन्या मोटारीच्या विजेची चौकशी कशाला करावी, असे कोणी म्हणेल. मीही कधीकाळी तसेच म्हणत होतो. मी काही इंजिनियर नव्हे. शाळा अर्धवट सुटलेला युनियनचा माणूस. पण 1996 साली एका खासगी मालकाच्या पदरी असलेल्या ड्रायव्हरच्या पगारातून बॅटरीची किंमत कापली गेली आणि मला हा विषय शिकणे भाग पडले. मालकाचे म्हणणे, 'रात्री दिवे चालू ठेवून झोपलास.' ड्रायव्हरचे म्हणणे, 'पावसात शीवच्या वाहतुकीत अडकलो होतो, दुसरे काही नाही.' खरे कोणाचे, हे वीजच सांगू शकत होती.

गाडी होती जुनी फियाट. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. फियाट 1100 तेथे 1954 पासून जुळू लागली, आणि तिचीच पुढची पिढी 1974 पासून 'पद्मिनी' म्हणून आपल्या ओळखीची झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती 2023 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत टिकली. आता ती हौशी लोकांच्या दारात दिसते.

जुन्या गाडीत वीज तयार करतो डायनामो. यात फिरणाऱ्या आर्मेचरमध्येच सारी वीज निर्माण होते आणि ती कम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनमधून बाहेर काढावी लागते. आर्मेचर फार वेगाने फिरवता येत नाही, नाहीतर गुंडाळी उसकटते. म्हणून पुली मोठी ठेवतात. परिणाम असा, की इंजिन सावकाश चालू असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. अशा वेळी बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून कटआउट रस्ता तोडतो.

आता हिशेब मांडा. 45 वॅटचे दोन पुढचे दिवे म्हणजे 90 वॅट. त्याला 12 ने भागा, साडेसात अँपिअर. इग्निशन कॉइल तीन-चार, वायपर दोन-तीन, मागचे आणि मीटरचे दिवे दोन. एकूण पंधराच्या घरात. 40 अँपिअर-तासांची बॅटरी या ओझ्याखाली अडीच तासांत रिकामी, आणि स्टार्टर तर त्याच्या कितीतरी आधी हात टेकणार. ड्रायव्हर खोटे बोलत नव्हता.

'पण लाल दिवा लागला नव्हता ना?' मालकाने विचारले. प्रश्न वाजवी होता, आणि गोम इथेच आहे. त्या दिव्याचे एक टोक बॅटरीकडे, दुसरे डायनामोकडे. दोन्हीकडे दाब सारखा झाला की दिवा विझतो. डायनामो आठ अँपिअर देत असेल आणि गाडी पंधरा खात असेल, तरी दिवा विझलेलाच! उरलेले सात बॅटरी मुकाट्याने भरते. विझलेल्या दिव्याचा अर्थ डायनामो जागा आहे एवढाच. बॅटरीचे पोट भरते आहे असा नव्हे.

गॅरेजातल्या वायरमनने अँपिअर मीटर जोडून, दिवे-वायपर लावून, इंजिन मंद ठेवून काटा उणे बाजूला गेलेला मालकाला दाखवला. कापलेल्या पैशांपैकी अर्धे परत मिळाले. उरलेल्या अर्ध्यांसाठी मात्र आणखी चार महिने भांडावे लागले.

या दुखण्यावर उपाय अल्टरनेटरचा. यात फिरते ते फक्त चुंबक, आणि त्याला लागणारी थोडीशी वीज कार्बनमधून जाते. मोठा प्रवाह स्थिर गुंडाळीतून डायोडमार्गे बाहेर पडतो. त्यामुळे तो लहान पुलीवर वेगाने फिरवता येतो, आणि सिग्नलला उभ्या गाडीतही चार्जिंग चालू राहते. मात्र हौशी मंडळी नेमकी इथेच चूक करतात. डायनामो काढला, 45 अँपिअरचा अल्टरनेटर बसवला, आणि वायर तीच जुनी! तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की ताप चौपट. म्हणून बॅटरीकडे जाणारी मुख्य वायर जाड हवी, तिला बॅटरीजवळ फ्यूज हवा, आणि जुनी रेग्युलेटरची पेटी पूर्ण सोडवलेली हवी. लाल दिवा मात्र काढू नका. अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीची चेतना त्याच दिव्यातून मिळते. आणि जुन्या ब्रिटिश बनावटीची गाडी असेल तर आधी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे ते पाहा. तेथे बहुधा धन टोक असते; न बदलता जोडलेत तर डायोड क्षणात जळतील.

राहिला मीटर. अँपिअर मीटर दिसायला रुबाबदार, पण गाडीचा जवळजवळ सारा प्रवाह त्यातून, म्हणजे तुमच्या गुडघ्यांसमोरून जातो. 30 पर्यंतच्या मीटरमधून 45 नेले तर काय होईल ते सांगायला नको. त्यापेक्षा व्होल्टमीटर बरा: बारीक वायर, छोटा फ्यूज, काम झाले. इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. चालू असताना 14 च्या आसपास ठीक. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरीचे पाणी उकळणार. इंजिन चालू असूनही 12.5 च्या खाली असेल तर चार्जिंग नाही. आधी पट्टा अंगठ्याने दाबून पाहा, मग बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवा, आणि त्यानंतरच वायरमनला बोलवा.