श्रीमंताची लाडावलेली लेक : एका रशियन विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग

संपत्तीने मनुष्य बिघडतो की नाही, हा वाद फार जुना आहे. परंतु संपत्तीने एकदा बिघडलेले मूल ताळ्यावर कसे आणावे, हा प्रश्न त्याहूनही बिकट आहे. नीतिग्रंथ त्यावर उपदेश सांगतात, आईबाप धाक घालून पाहतात, आणि दोन्ही उपाय बहुधा फुकट जातात. विनोदी नाटककाराचा उपाय निराळाच असतो. तो त्या मुलाचे ऐश्वर्य एका रात्रीत काढून घेतो, त्याच्या हाती झाडू किंवा खरारा देतो, आणि पुढे काय घडते ते प्रेक्षकांना हसत हसत दाखवितो. 2024 सालच्या आरंभी रशियात प्रदर्शित झालेला ‘खोलोप 2’ हा चित्रपट याच परंपरेतला आहे. त्यात सुधारावयाची व्यक्ती आहे कात्या नावाची एक उर्मट, श्रीमंत तरुणी.

या चित्रपटाचा विचार करण्यापूर्वी त्याच्या पहिल्या भागाची ओळख करून घेणे अवश्य आहे. ‘खोलोप’ हा पहिला चित्रपट 26 डिसेंबर 2019 रोजी रशियात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक क्लिम शिपेंको. हेच गृहस्थ पुढे ऑक्टोबर 2021 मध्ये चित्रीकरणासाठी अंतराळस्थानकावर जाऊन आले. ‘खोलोप’ने 300 कोटी रूबलांहून अधिक उत्पन्न मिळविले आणि त्या काळापुरता तो रशियातील सर्वाधिक उत्पन्नाचा स्वदेशी चित्रपट ठरला. कथा अशी : मॉस्कोतील एका धनाढ्य गृहस्थाचा मुलगा ग्रीशा उधळा आणि बेफिकीर आहे. कायद्याची त्याला भीती नाही, कारण बापाचा पैसा त्याच्या पाठीशी उभा आहे. थकलेला बाप अखेरीस एका चित्रवाणी-निर्मातीची व एका विक्षिप्त मानसशास्त्रज्ञाची मदत घेतो. एका ओसाड जागी जुन्या काळचे खेडे उभारले जाते, भाडोत्री नट शेतकरी आणि जमीनदार बनतात, जागोजाग छुपे कॅमेरे बसविले जातात. खोटा अपघात घडवून आणल्यानंतर ग्रीशा डोळे उघडतो तो 1860 सालात, आणि तोही जमीनदाराच्या तबेल्यातील एक दास म्हणून!

‘खोलोप’ हा शब्दही थोडा समजून घेण्यासारखा आहे. जुन्या रशियात धन्याच्या पूर्ण मालकीच्या गुलामाला खोलोप म्हणत. पीटर बादशहाच्या कारकीर्दीत, 1723 साली, या वर्गाला डोईपट्टी लागू झाली आणि तो जमिनीशी बांधलेल्या भूदासांत मिसळून गेला. म्हणजे 1860 साली कायद्याच्या भाषेत खोलोप उरला नव्हता. परंतु तो शब्द अपमानाचा म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. चित्रपटाने नेमका तोच उचलला आहे.

दुसऱ्या भागात ग्रीशा सुधारलेला आहे. एकेकाळचा रोगी आता वैद्याच्या बाजूला येऊन बसला आहे. त्याची गाठ पडते ती कात्याशी. ही भूमिका आग्लाया तारासोवा या नटीने केली आहे. ग्रीशा पूर्वी जसा होता तशीच, किंबहुना एक पाऊल पुढेच, अशी ही मुलगी. तेव्हा जो काढा आपल्याला पाजण्यात आला तोच हिलाही पाजावा, असा बेत ठरतो. पुन्हा तशीच सजावट, तसेच नट, तसेच कॅमेरे. मात्र या वेळचा काळ 1812 चा, नेपोलियनच्या स्वारीचा आहे.

मुलाच्या जागी मुलगी आणली, एवढाच बदल झाला असे वरवर पाहता वाटेल. परंतु विनोदी वाङ्मयाच्या इतिहासात या एका बदलाला फार मोठा अर्थ आहे, कारण बिघडलेल्या मुलाला सुधारणे आणि ‘दांडग्या’ मुलीला वठणीवर आणणे या दोन गोष्टी नाटककारांनी कधी एका मापाने मोजलेल्या नाहीत.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे शेक्सपिअरचे ‘टेमिंग ऑफ द श्रू’. महाराष्ट्राला हे नाटक परके नाही. प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे ‘त्राटिका’ या नावाने मराठी रूपांतर केले, आणि शाहूनगरवासी मंडळीने ते रंगभूमीवर गाजविले. रामायणातील त्या राक्षसीचे नाव घरोघरच्या भांडखोर बाईला चिकटविण्याची सवय या नाटकाने अधिकच दृढ केली. मूळ नाटकातील नायिकाही कॅथरिनाच, म्हणजे केट. आणि ‘कात्या’ हे त्याच नावाचे रशियन लाडके रूप. हा योगायोग असो वा नसो, दोघी एकाच कुळातल्या आहेत. केटही धनिकाची मुलगी, केटही तोंडाळ. तिचा नवरा पेट्रुशिओ तिला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, भर दुपारी सूर्याला चंद्र म्हणावयास लावतो. शेवटी ती इतर बायकांना पतिनिष्ठेचे व्याख्यान देते आणि नाटक संपते. येथे सुधारणेची व्याख्या एकच : स्त्रीने मान तुकविणे.

याच नाटकाच्या प्रारंभी एक छोटासा प्रवेश आहे, आणि ‘खोलोप’ची सगळी युक्ती त्यात बीजरूपाने सापडते. शिकारीहून परतणाऱ्या एका उमरावाला रस्त्यात स्लाय नावाचा दारू प्यालेला कल्हईवाला आढळतो. उमराव त्याला आपल्या महालात नेऊन रेशमी वस्त्रे नेसवितो, आणि जाग आल्यावर नोकरांकरवी त्याला पटवून देतो की, तू मोठा सरदार आहेस, इतकी वर्षे तुला वेड लागले होते. शेक्सपिअरने गरिबाला फसवून श्रीमंत केले; रशियन चित्रपटाने श्रीमंताला फसवून गरीब केले. गंमत अशी की, 1623 च्या छापील संहितेत हा स्लाय पहिल्या अंकानंतर दिसतच नाही. त्याला खरे काय ते कोणी सांगितले की नाही, हे प्रेक्षकांना कळत नाही. गरिबाची थट्टा झाली, तिचा हिशेब कोणी मागितला नाही!

या नाटकालाही उत्तरकथा लाभली होती. जॉन फ्लेचरने सुमारे 1611 मध्ये ‘द टेमर टेम्ड’, म्हणजे वठणीवर आणणाराच वठणीवर आला, असे नाटक लिहिले. त्यात केट मरण पावली आहे आणि पेट्रुशिओने मारिया नावाच्या तरुणीशी दुसरे लग्न केले आहे. ही मारिया लग्नाच्या रात्रीच दाराला अडसर घालून इतर बायकांसह माडीवर मोर्चा बांधून बसते. नवरा आजाराचे सोंग करतो, तेव्हा ती त्याला प्लेग झाल्याची हाकाटी करून घरात कोंडून टाकते. तो मेल्याचे सोंग करतो, तेव्हा ती त्याच्या वाया गेलेल्या आयुष्याबद्दल अश्रू ढाळते. अखेर समेट होतो तो बरोबरीच्या नात्याने. 1633 च्या नोव्हेंबरात ही दोन्ही नाटके दोन दिवसांच्या अंतराने इंग्लंडच्या राजदरबारी झाली आणि फ्लेचरचे नाटक अधिक पसंतीस उतरले, अशी नोंद आहे.

तीनशे वर्षांनंतर अमेरिकन बोलपटांनी हाच विषय पुन्हा हाती घेतला. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या 1934 च्या चित्रपटात कोट्यधीशाची मुलगी घरातून पळते आणि बसच्या प्रवासात जगाची ओळख करून घेते. 1987 च्या ‘ओव्हरबोर्ड’ मध्ये सुताराची मजुरी बुडविणारी एक धनिक स्त्री आपल्या नौकेवरून पाण्यात पडते आणि तिची स्मृती जाते. तो सुतार ‘तू माझी बायको’ असे सांगून तिला आपल्या चार मुलांच्या संसाराला जुंपतो. 2018 मध्ये याच कथेची नवी आवृत्ती निघाली तेव्हा धनिक स्त्रीच्या जागी धनिक पुरुष आला. रशियन चित्रपटांनी प्रवास उलट दिशेने केला. आधी पुरुष, मग स्त्री. काळ बदलला याची ही खूण मानावयास हरकत नाही. कात्याला सुधारण्यासाठी तिला कोणा पेट्रुशिओच्या हवाली केलेले नाही. ज्या शाळेत ग्रीशा शिकला त्याच शाळेत तिचे नाव घातले आहे.

आता या शाळेत शिकवितात तरी काय? पहिल्या चित्रपटाकडे बारकाईने पाहिले तर असे दिसते की, चाबकाच्या भीतीने ग्रीशा फारसा सुधारत नाही. भीतीने तो पळून जाण्याच्या वाटा तेवढ्या शोधतो. तो बदलू लागतो तो घोड्यांची निगा राखू लागल्यावर आणि लीझा या मुलीविषयी त्याला आपुलकी वाटू लागल्यावर. कोणीतरी आपल्यावर अवलंबून आहे, आपण काम चुकविले तर एखादा मुका जीव उपाशी राहील, ही जाणीव त्याला आयुष्यात प्रथमच होते. लाडावलेल्या मुलाजवळ सर्व काही असते. फक्त त्याची कोणाला गरज नसते. उपासमारीने हट्ट मोडतो, माणूस घडत नाही. माणूस घडतो तो जबाबदारीने. केट आणि ग्रीशा यांच्या शिक्षणात खरा फरक आहे तो हाच, आणि कात्याच्या सुधारणेची कसोटीही हीच लावावयास हवी.

तथापि हसता हसता एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. ज्या काळाचा येथे औषधासारखा उपयोग केला आहे, तो काळ लाखो माणसांनी खरोखर भोगलेला आहे. 1760 च्या हुकुमान्वये रशियन जमीनदाराला आपल्या भूदासाला सायबेरियात धाडता येई. 1767 मध्ये धन्याविरुद्ध गाऱ्हाणे करण्याचीही बंदी झाली. बिघडलेल्या श्रीमंत स्त्रीचे खरे उदाहरण पाहावयाचे असेल तर ते दार्या साल्तिकोवा या विधवा जमीनदारणीचे आहे. तिच्या छळामुळे 38 भूदासांचे प्राण गेल्याचे सिद्ध होऊन 1768 मध्ये तिला जन्मठेप झाली. तिच्या घरातील दासींसाठी कोठे छुपा कॅमेरा नव्हता, आणि ‘खेळ थांबवा’ असे म्हणणारा दिग्दर्शकही नव्हता.

1812 चे सालही असेच आहे. नेपोलियनशी लढण्यासाठी उभारलेल्या जनसेनेत भूदासांची मोठी भरती झाली. युद्ध जिंकले, आणि जे जिवंत राहिले ते पुन्हा आपल्या धन्याच्या दारी परतले. 1814 च्या बादशाही जाहीरनाम्यात सरदारांना आणि सैन्याला मानसन्मान मिळाले. शेतकऱ्यांना मात्र त्यांचे बक्षीस देव देईल एवढेच आश्वासन मिळाले. दोन कोटींहून अधिक भूदासांची सुटका व्हावयास 1861 साल उजाडावे लागले, आणि जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते तर 1907 पर्यंत चालू राहिले.

म्हणून या चित्रपटाची मौज लुटताना विचारी प्रेक्षकाने एवढे ध्यानी ठेवावे : कात्याचे दास्य तिच्या सुधारणेपुरते आहे आणि त्याचे भाडे कोणीतरी मोजले आहे. ज्या पैशाने मूल बिघडते त्याच पैशाने त्याच्यासाठी खोटी गरिबी विकत घेता येते, हा या विनोदातील सर्वांत तिखट भाग होय. बिघडलेल्या मुलाला शहाणपण आणण्यासाठी अख्खे खेडे उभारण्याइतकी संपत्ती कोणत्या घरी असते? सामान्य कुटुंबाला ते परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. लहानपणीच मुलाच्या वाट्याला घरातील एखादे काम यावे, ते त्याच्यावाचून अडावे, आणि अडले तर त्याची झळ त्यालाही लागावी, एवढी व्यवस्था ज्या घरात आहे, तेथे मुलगा असो वा मुलगी, 1860 किंवा 1812 सालात जाऊन जागे होण्याचा प्रसंग कोणावर येणार नाही.